हेल्मरच्या गाडीचं वायरिंग

मृत्यू हे या जगातलं एकमेव अंतिम सत्य आहे. त्याच्यापुढे राजा नाही, रंक नाही, आणि तो कुणासाठी थांबत नाही.

नॉर्थ डाकोटात मात्र त्याला एप्रिलपर्यंत थांबावं लागतं.

कारण जमीन गोठलेली असते. जानेवारीत माणूस गेला तर कुदळीखाली ठिणग्या उडतात, खड्डा होत नाही. मग पेटी दफनभूमीच्या कडेला असलेल्या दगडी खोलीत ठेवतात, दाराला कुलूप लावतात, आणि अंतिम सत्य बर्फ वितळायची वाट बघत बसतं.

ही गोष्ट त्या मधल्या दिवसांतली आहे.

आणि ती खरी आहे.

ज्याच्यावर ती गुदरली त्या ओर्विन तांडेनेच ती सांगितली, आणि ओर्विन खोटं बोलत नाही. कारण सोपं आहे. तो बोलतच नाही. एवढीशी गोष्ट सांगायला त्याला दोन हिवाळे लागले, आणि त्यातही मधेमधे तो खिडकीबाहेर बघत बसायचा.

भुतांनी अमावस्येला, मध्यरात्री यायचं असा रिवाज आहे. हे सगळं फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी घडलं. दुपारचं जेवण उरकल्यावर आणि संध्याकाळच्या कॉफीच्या आत. जागा म्हणजे गव्हाच्या शेतांच्या मधोमध उभी असलेली तांडे भावांची पत्र्याची शेड. बाहेर उणे तीस. वारा नाही. अशा दिवशी इतकी शांतता असते की आपल्याच टोपीचा आवाज येतो.

हेल्मर थोरला, ओर्विन धाकटा. दोघेही सत्तरीपुढचे, दोघेही बिनलग्नाचे, एकाच घरात जन्मले आणि एकाच घरात म्हातारे झाले. त्यांच्यात भांडण कधी झालं नाही, कारण भांडायला आधी विषय काढावा लागतो. दोघांनी डिझेलच्या पिकअप गाड्या घेतल्या त्याही एकाच दिवशी, एकाच मॉडेलच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या. वेगळी घेतली असती तर 'का' म्हणून विचारावं लागलं असतं.

पण एकमेकांच्या गाडीत ते कधी बसले नाहीत. रविवारी चर्चला जाताना पुढे हेल्मरची गाडी, मागे ओर्विनची. येतानाही तसंच.

रोज संध्याकाळी मात्र त्यांच्यात संवाद होत असे. तो असा.

"लावलंस का?" हेल्मर विचारायचा.

"लावलं," ओर्विन म्हणायचा.

इंजिनाला ऊब देणारी एक वायर आमच्याकडच्या प्रत्येक गाडीच्या तोंडातून जिभेसारखी लोंबत असते. अंधार पडला की ती भिंतीतल्या पॉइंटला लावायची. नाही लावली तर सकाळी गाडीच्या जागी एक लोखंडी ठोकळा उभा असतो. आमच्याकडे नवरा-बायकोसुद्धा प्रेमाचं काही बोलत नाहीत. लावलंस का, एवढंच विचारतात.

हेल्मरच्या गाडीचा गिअरबॉक्स नोव्हेंबरात गेला. वसंतात बघू, म्हणाला. तरी तो रोज सकाळी शेडमध्ये जायचा, इंजिन चालू करायचा, आणि कुठेही न जाणाऱ्या गाडीत बसून रेडिओवर गव्हाचे भाव ऐकायचा. इंजिन विसरू नये म्हणून, म्हणे.

डिझेल गाडीत चावी फिरवली की डॅशबोर्डवर वेटोळ्यासारखा एक पिवळा दिवा लागतो. हीटर प्लग तापतायत, थांब, असा त्याचा अर्थ. तो विझला की सेल्फ मारायचा. आधी नाही.

जानेवारीतल्या त्या सकाळी हेल्मर दिव्याची वाट बघत बसला होता.

कॉफी गार होतेय म्हणून ओर्विन बोलवायला गेला. चावी फिरवलेली होती. दोन्ही हात स्टेअरिंगवर. मान जराशी पुढे.

दिवा विझलेला होता. सेल्फ मारलेला नव्हता.

ओर्विनने चावी बंद केली. मग बराच वेळ तो शेडमध्ये उभा राहिला. नंतर घरात जाऊन त्याने फोन केला.

पेटी दगडी खोलीत गेली, आणि पंधरवड्यात उंदरांनी ओर्विनच्या गाडीचं वायरिंग खाल्लं.

म्हणजे इंजिनावरून वेलीसारखा पसरलेला तारांचा सगळा जुडगा. कुरतडलेल्या तारा, आणि मधोमध इन्सुलेशनच्या चिंध्यांचं सुबक घरटं.

तांडे भावांना एक भाची होती, मार्लिस. प्रेमळ आणि कामसू. तिला बघितलं की ओर्विनला धडकी भरायची.

"मामा, गाडी नाही, शेजार नाही," ती म्हणाली. "इथं पडलास तर कळणार कुणाला?"

"उंदरांना," ओर्विन म्हणाला.

"थट्टा नको. शनिवारी मी येते. गाडी चालू असली तर खुशाल राहा. नसली तर बॅग भरून ठेव. गावातल्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय. उबदार आहे. आणि बोलायला चोवीस तास माणसं असतात."

ओर्विनला ज्याची भीती होती ते हेच.

डेल्मर स्ट्रो धावून आला. हा शेजारी, म्हणजे चार मैलांवरचा. गावात गॅरेज चालवून निवृत्त झालेला, जर्मन वंशाचा, आणि नॉर्वेजियन तांडे भाऊ बोलत नसल्यामुळे त्यांच्या वाटचंही बोलणारा. बोनेट उघडून त्याने टॉर्च मारला आणि शीळ घातली.

"उंदरांनी काही ठेवलं नाही, लेका. नवीन मिळायचं नाही, या मॉडेलचं वायरिंग यायचं बंद होऊन जमाना झाला."

"हं."

"एकच जागा आहे."

ओर्विनने घरट्यातली एक चिंधी उचलली.

"ती तुझ्या पाठीमागे उभी आहे. मी काही बोललो नाही असं समज."

ओर्विनने मागे वळून बघितलं नाही.

"त्याचा गिअरबॉक्स मेलेला, तुझं वायरिंग मेलेलं," डेल्मर म्हणाला. "दोघांत मिळून एक गाडी. तुम्हा दोघांचं आयुष्यभर तेच चाललं होतं म्हणा."

वायरिंग काढलं की ती गाडी पुन्हा कधी चालू होणार नाही. दिवा लागणार नाही, विझणार नाही. ओर्विनला हे ठाऊक होतं. काढलं नाही तर शनिवारी मार्लिस येणार, आणि मग तो वृद्धाश्रमाच्या उबदार खोलीत माणसांचं ऐकत बसणार, आणि इथं शेडमध्ये दोन्ही गाड्या अंधारात गोठत राहणार.

"गुरुवारी ये," तो म्हणाला.

गुरुवारी जेवण आटोपून डेल्मर आला. हेल्मरच्या गाडीपाशी वाकला आणि तसाच थांबला.

गाडीच्या तोंडातली वायर भिंतीला लावलेली होती.

"हे कुणी लावलं?"

"मी."

"आज? कामासाठी?"

"रोज."

डेल्मरला बोलायला शब्द सापडले नाहीत. गावात कुणाला सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

रोज अंधार पडला की ओर्विन शेडमध्ये यायचा. आधी आपली वायर लावायचा, मग हेल्मरची. मग थोडा वेळ उभा राहायचा. कुणी काही विचारायचं नाही. मग तो घरात जायचा.

"बरं केलंस," डेल्मर शेवटी म्हणाला. "इंजिन कोमट असलं की तारा जोडणारे कपलर मोडत नाहीत. थंडीत प्लास्टिकचा खटका बिस्किटासारखा तुटतो."

"हं."

"तू लावतोस तरी. मी एकदा काढायलाच विसरलो आणि गेलो तसाच गावात. चर्चच्या दारात पाद्री म्हणतो, डेल्मर, शेपूट कधी फुटलं?"

"दोनदा," ओर्विन म्हणाला.

"काय दोनदा?"

"विसरलास."

डेल्मरला बरं वाटलं.

कामाला लागले. आधी हेल्मरच्या गाडीतल्या दोन्ही बॅटऱ्या सोडवल्या आणि गोठू नयेत म्हणून घरात नेऊन ठेवल्या. मग हवेचा पाइप काढला. मग एकेक कपलर. खटका दाबायचा, हलवायचा, ओढायचा. वायरला धरून ओढायचं नाही. डेल्मर एका बाजूने, ओर्विन दुसऱ्या. सुटलेल्या प्रत्येक कपलरला डेल्मर पांढरी चिकटपट्टी लावायचा आणि बडबडत राहायचा.

मग...

टक्.

छोटा आवाज. बोनेटच्या आतून.

दोघांचे हात थांबले.

हीटर प्लगना वीज सोडणारा रिले बसला की असा आवाज येतो. डेल्मरने जन्मभर तो ऐकलेला होता. पण त्याला वीज लागते, आणि बॅटऱ्या घरात स्वयंपाकाच्या टेबलाखाली होत्या.

"लोखंड," डेल्मर म्हणाला. "थंडीत आवळतं."

"इंजिन कोमट आहे."

"मग कोमटपणात पसरतं. तू काम कर."

काम पुढे गेलं. डेल्मरची बडबड मात्र कमी झाली.

इंजिनामागच्या कपलरला हात पोचेना म्हणून ओर्विन बाजूने वाकला. तिथून त्याला केबिनची काच दिसली.

चालकाच्या बाजूची काच...

अर्धी पांढरी झाली होती.

बाकी सगळ्या काचा स्वच्छ. ही एकच गोठलेली. ओर्विनने बोट लावून बघितलं. बोट घसरलं. बाहेरून काच कोरडी होती.

काच आतून गोठली होती.

थंडीत बंद गाडीत कुणी बसून राहिलं की काच अशी होते. श्वासाने. हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं.

आत कुणी नव्हतं.

"डेल्मर."

डेल्मरने येऊन बघितलं. बघता बघता पांढरा डाग तळहाताएवढा सरकला. थोडा थांबला. पुन्हा सरकला. थोडा थांबला.

एका लयीत.

"मी कॉफी टाकतो," डेल्मर म्हणाला. "तुझ्याकडे कॉफी असते ना? नसली तरी टाकतो."

आणि तो गेला. बोटं आखडली म्हणून हातमोजे चढवायचे होते, असं तो नंतर सांगत असे. हातमोजे मडगार्डवर राहिले होते.

ओर्विन शेडमध्ये एकटा राहिला.

एकच कपलर उरला होता. सगळ्यात मोठा, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात बसलेला. सगळ्या तारा त्यातून आत जातात. मधला एक बोल्ट सोडवला की तो हातात येतो, आणि मग आतला डॅशबोर्ड आणि बाहेरचं इंजिन यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही.

त्याने पाना बोल्टवर ठेवला.

हात फिरेना.

त्याने पाना बाजूला ठेवला, गाडीला वळसा घातला आणि पलीकडचं दार उघडलं. हेल्मरच्या शेजारच्या सीटचं. त्या सीटवर तो जन्मात बसला नव्हता. सीट करकरली. आत हेल्मरच्या लोकरी कोटाचा वास होता, आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा.

ओर्विनने समोर बघितलं.

चावी...

फिरवलेली होती.

आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला होता.

बॅटरी नाही. इंजिनावर एक कपलर सोडून काही जोडलेलं नाही. तरी तो वेटोळ्याचा दिवा जळत होता, नेहमीसारखाच, काहीही विशेष नसल्यासारखा.

थांब, म्हणत होता.

ओर्विन थांबला.

शेजारच्या सीटकडे त्याने बघितलं नाही. दोघांनी आयुष्यभर एकमेकांकडे तसं बघितलं नव्हतंच. दोघं समोर बघत बसले.

"हेल्मर," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

दिवा जळत होता.

"वायरिंग काढतोय."

दिवा जळत होता.

"माझं उंदरांनी खाल्लं." तो थांबला. "मार्लिस शनिवारी येतेय. मला न्यायला."

काचेवरचा पांढरा डाग सरकला. थांबला. सरकला.

ओर्विनला एवढं सलग बोलायची सवय नव्हती.

"तू इथं असा बसून राहिलास," तो म्हणाला, "तर मला काढता येत नाही."

काही नाही.

"माझ्या गाडीत ये."

सगळं गप्प. मग बोनेटखालून...

टक्.

दिवा विझला.

ओर्विन तसाच बसला. दिवा विझला की सेल्फ मारायचा असतो. त्याला वाटलं, आता सेल्फ लागेल. तो वाट बघत राहिला.

सेल्फ लागला नाही.

तो खाली उतरला, बोनेटपाशी गेला, आणि बोल्ट सोडवून त्याने मोठा कपलर बाहेर ओढला. कपलर गरम होता. इंजिनाचा कोमटपणा नव्हे. कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवलेल्या वस्तूसारखा गरम.

डेल्मर कॉफी घेऊन आला तेव्हा सगळं वायरिंग ओर्विनच्या दोन्ही हातांवर आडवं होतं. झोपलेल्या मुलाला न्यावं तसं तो ते आपल्या गाडीकडे घेऊन चालला होता.

"निघालं?" डेल्मरने विचारलं.

"हं."

"काही... झालं का?"

"तुझे हातमोजे राहिले," ओर्विन म्हणाला.

शुक्रवारी वायरिंग बसवलं. शनिवारी सकाळी मार्लिस आली तेव्हा ओर्विन गाडीत बसला होता. त्याने चावी फिरवली. पिवळा दिवा लागला, विझला. सेल्फ मारला. इंजिन एका फटक्यात चालू झालं.

मार्लिसचा चेहरा पडला. पण दिलेला शब्द पाळणारी मुलगी. "एक चक्कर मारू," म्हणाली आणि शेजारी बसली. फाटकापर्यंत जाऊन आली. उतरताना अंगाभोवती शाल आवळून घेत म्हणाली, "मामा, गाडीतला हीटर बघून घे. माझ्या बाजूची काच आतून गोठलीय."

"हं," ओर्विन म्हणाला.

ती गेल्यावर तो गाडीत जाऊन बसला. इंजिन बंद होतं. शेजारची काच पांढरी होती.

त्याला बरं वाटलं. हे त्याने सांगताना दोनदा सांगितलं, म्हणून इथं लिहिलं. त्याला फार बरं वाटलं.

तो हिवाळा त्याने घरीच काढला. एकाच गाडीतून चर्चला गेला. एकाच गाडीतून दुकानात गेला. शेजारची काच खरडायचा नाही. डेल्मरने दाराचं रबर बदललं, हीटर उघडला, काही सापडलं नाही. मग त्याने ओर्विनच्या गाडीत बसायचं बंद केलं, आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणी काही बोललं नाही.

मार्चमध्ये एक गोष्ट ओर्विनच्या ध्यानात आली.

पिवळा दिवा...

विझायला जास्त वेळ घेत होता.

बर्फ वितळत होतं, छपरावरून पाणी गळत होतं. उबेत दिवा लवकर विझायला हवा. तो उलट रोज थोडा जास्त जळत होता. डेल्मरने हीटर प्लग तपासले. रिले तपासला. सगळं ठीक.

"कशाची वाट बघतोय कुणास ठाऊक," डेल्मर म्हणाला. तो रिलेबद्दल बोलत होता.

ओर्विनने बोनेट लावलं.

एप्रिलच्या अखेरीला जमीन मऊ झाली. दगडी खोलीचं कुलूप काढलं. हेल्मरची पेटी बाहेर आली आणि आईवडिलांच्या शेजारी खड्ड्यात उतरली. पाद्री थोडक्यात बोलला. हेल्मरला आवडलं असतं. ओर्विनने मूठभर काळी माती टाकली. ती पेटीवर पडल्याचा आवाज झाला, आणि हेल्मरचं सगळं रीतसर संपलं.

चर्चच्या तळघरात बायकांनी कॉफी आणि जेवण मांडलं होतं. उरलेलं हॉटडिश, म्हणजे बटाटे, खिमा आणि चीज एकत्र भाजलेलं अख्खं भांडं, त्यांनी ओर्विनच्या हाती दिलं. एकट्या माणसाला तेवढं आठवडाभर पुरतं. डेल्मरची गाडी त्याची बायको घेऊन गेली होती, म्हणून तो ओर्विनबरोबर निघाला.

बाहेर लखलखीत ऊन होतं. लोक कोट काढून हातावर टाकून उभे होते. रस्त्याकडेला पाणी वाहत होतं.

ओर्विन गाडीपाशी आला आणि थांबला.

त्याने ये म्हटलं होतं. कुठपर्यंत, ते ठरलं नव्हतं. एप्रिलपर्यंत, असं त्याने धरून चाललं होतं. ठरवायला बोलावं लागलं असतं.

शेजारची काच...

पांढरी होती. आतून. वरपासून खालपर्यंत.

आणि चावी ओर्विनच्या खिशात असताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा जळत होता.

पेटी मातीत गेली. माणूस मोकळा झाला. मग हा अजून कुणासाठी थांबलाय, हा प्रश्न ओर्विनच्या मनात आला, आणि त्याचं उत्तरही लगेच आलं. त्या उत्तराने त्याला दुःख झालं नाही. भीती मात्र थोडी वाटली, आणि ती अजून वाटते. रोज सकाळी. दिवा विझेपर्यंत.

डेल्मर शेजारच्या दाराच्या मुठीला हात लावून उभा होता. काच बघून त्याने हात काढला आणि टोपी काढली.

"डेल्मर," ओर्विन म्हणाला, "तू मागे बस."

मागे म्हणजे उघड्यावर, पिंपं आणि दोरखंड असतात तिथं. डेल्मर एक अक्षर न बोलता चाकावर पाय देऊन चढला.

ओर्विनने हॉटडिश त्याच्याकडे वर दिलं.

"आणि हे मांडीवर धर जरा. झाकण सैल आहे."